म्हाताऱ्याच्या हातची गाडी

सून रोज सकाळी गाडी काढून कशेळीला जाते. तिथं एका गोडाऊनच्या ऑफिसात ती कामाला आहे. रस्ता कसा आहे ते भिवंडीच्या माणसाला सांगायला नको. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, फटीतून रिक्षा घुसणार, आणि या सगळ्यांच्या मध्ये आमची लहानशी जुनी गाडी. तरी मला त्या रस्त्याची एवढी भीती नव्हती. भीती होती ती घरी त्या गाडीला हात लावणाऱ्या माणसाची. तो माझा नवरा.

तो जन्मभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. चालवायला नाही, दुरुस्तीला. आमच्याकडं अशा माणसाला जॉबर म्हणतात. लूम बिघडला की कारागीर हात वर करून उभे राहायचे आणि हा जायचा. मशीनच्या आवाजावरून दुखणं ओळखायचा. मी चौथीपर्यंत शिकले, तो तेवढाही नाही. पण लूमच्या बाबतीत त्याला कोणी शिकवलेलं मला आठवत नाही. पुढं शेठनं लूम भंगारात काढले. म्हातारा घरी बसला. हात रिकामे राहिले की माणूस घरातल्यांना छळतो, तसं त्यानं आम्हाला छळलं. नळ खोल, पंखा खोल, माझ्या शिवणयंत्राचे स्क्रू काढ. मग मुलानं जुनी गाडी घेतली आणि म्हाताऱ्यानं आमचा नाद सोडला. मुलाला वापीला नोकरी लागली, गाडी सुनेकडं राहिली, आणि गाडीची देखभाल आपोआप म्हाताऱ्याकडं गेली.

सुरुवातीला त्याचं काम चोख होतं. आमच्या आळीत दोन्ही बाजूंना अजून लूम चालतात. रुई उडते. ती डाळीत पडते, डोक्यात बसते, वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटते. तीच गाडीच्या पुढच्या तोंडानं आत जाते आणि हवेच्या फिल्टरवर थर धरते. दुसऱ्या गावात फिल्टर जेवढा टिकतो, त्याच्या निम्माही इथं टिकत नाही. गॅरेजवाल्यानं पहिल्यांदा तो काढून पाहिला तेव्हा म्हणाला होता, "चाचा, ये फिल्टर है या रजाई?" तेव्हापासून म्हातारा दर रविवारी फिल्टर काढायचा, ओट्याच्या कडेवर हळूहळू आपटायचा, आणि शेजारच्या कारखान्यात नेऊन हवेच्या नळीनं आतून बाहेर फुंकून आणायचा. बाहेरून आत फुंकली तर घाण कागदात रुतते, हे त्यानंच मला सांगितलं. एकदा त्यानं फिल्टरच्या तोंडाला लावायला कोऱ्या कापडाचा पडदा शिवायला सांगितला. मी शिवून दिला. गाडीला चढावर दम लागायला लागला, तेव्हा आपणच काढून टाकला आणि म्हणाला, "जास्तीची अक्कल झाली."

तेव्हा तो असा होता. चुकलं तर त्याला कळायचं.

नंतर एके दिवशी सून घरातून निघाली आणि नाक्यापर्यंत पोचायच्या आत गाडीच्या पुढून धूर आला. बॉनेट उघडलं तर इंजिनवर पुसायचं फडकं. अर्धं जळालेलं. म्हाताऱ्यानं आदल्या दिवशी प्लग साफ केले होते आणि फडकं तिथंच राहिलं होतं. सून हसली. "बाबा, गाडीला शेक देत होता का?" तोही हसला. मी हसले नाही. पेट्रोलच्या गाडीत जळतं फडकं, यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.

त्यानंतर नवा फिल्टर आला. म्हाताऱ्यानं स्वतः बसवला. गाडी चालू होईना. चालू झाली की खोकून बंद. गॅरेजवाला आला, फिल्टरचा डबा उघडला आणि जमिनीवर बसून हसायला लागला. फिल्टर ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आला होता, त्या पिशवीसकट आत बसवला होता. सगळी आळी हसली. कोणी म्हणालं, "काकानं गाडीला रेनकोट घातला." म्हातारा मात्र या खेपेला हसला नाही. तो त्या पिशवीकडं बघत उभा राहिला. पिशवी तिथं कशी आली, असं बघत होता.

मी रात्री मुलाला फोन केला. सरळ सांगितलं, "गाडी गॅरेजला टाक. बापाला हात लावू देऊ नको."

"आई, त्यांना तेवढंच तर काम आहे. ते पण काढून घेतलं तर काय करतील?"

"बायको तुझी बसते त्या गाडीत. मी न्हाय बसत."

"पिशवी राहिली म्हणून कोणी मरत नाही."

सुनेलाही सांगून पाहिलं. तिचा सासऱ्यावर जीव. तिच्या बापानं तिला कधी सायकल धरून दिली नाही, पण या म्हाताऱ्यानं तिला गाडी शिकताना शेलार गावाच्या रस्त्यावर बाजूला बसून धीर दिला होता. ती म्हणाली, "आई, तुम्हाला सगळ्याचीच भीती वाटते. मागं गॅस सिलिंडरची पण वाटत होती."

सिलिंडरची अजूनही वाटते. पण सांगून झालं होतं. त्यानंतर संध्याकाळी तिच्या यायच्या वेळेला मी भाजी चिरत असले तरी कान गल्लीकडं असायचा. उशीर झाला की विळी सोडून फाटकाशी जाऊन उभी राहायची. कंटेनर अडकले असतील, असं मनाला सांगायची. मन ऐकायचं नाही.

नवरात्राच्या आधी सुनेनं गॅरेजमध्ये ब्रेकचं काम करून घेतलं. जुने पॅड झिजले होते. गॅरेजवाल्यानं सांगितलं की रोज या ट्रॅफिकमध्ये थांबत थांबत जायचं तर पुढच्या दोन चाकांना चांगल्यातले पॅड टाका, ते गरम झाले तरी पकड सोडत नाहीत. तिनं टाकले. पकड चांगली होती, पण नव्या पॅडचा आवाज यायचा. गल्लीत शिरताना ब्रेक दाबला की किंचाळल्यासारखं व्हायचं. गॅरेजवाला म्हणाला, नवे आहेत, घासून बसले की जाईल. म्हाताऱ्याला तो आवाज सहन होईना. ओट्यावरून उठून उभा राहायचा.

"ऐकलास काय गो आवाज? मशीन रडतंय. या पोरांना काम येत न्हाय."

"जाईल म्हणाला तो."

"आवाज कवा आपोआप जातो? आवाज म्हंजे मशीन काहीतरी मांगतंय."

खंडेनवमीला आमच्याकडं लूम बंद असतात. सगळे सांधे पुसायचे, तेल द्यायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. लूम गेल्यावर म्हातारा गाडीची पूजा करायला लागला. त्या दिवशी त्यानं सकाळीच गाडी धुतली. दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. बॉनेटच्या कडीला दिलं. मी पाटावर नारळ मांडत होते. तो त्याची लूमवरची लांब चोचीची तेलाची डबी घेऊन पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसलेला मी पाहिला. वाटलं, चाक आहे, फिरतं, तेल देत असेल. मला गाडीतलं काय कळतं? त्यानं उठून हात पुसले, चाकाला कुंकू लावलं आणि पाया पडला. त्याला इतका समाधानी मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. सुनेला सुट्टी. वज्रेश्वरीला जाऊन देवीचं दर्शन घ्यायचं आणि कुंडाच्या गरम पाण्यात गुडघे बुडवून यायचं असं ठरलं. पुढं सून आणि म्हातारा, मागं मी आणि ओटीचं सामान.

गल्लीतून निघतानाच सून म्हणाली, "बाबा, आवाज गेला."

म्हातारा नुसता हसला.

"पण ब्रेक वेगळा लागतोय. दाबला की घसरल्यासारखं होतंय."

"आता मऊच चालणार. घासत होतं ते बंद झालं."

ती हळू चालवत होती, सणाची गर्दी होती, मागचे ब्रेक गाडी कशीबशी थांबवत होते. गावाबाहेर पडलो. रस्ता मोकळा झाला तशी गाडी जोरात निघाली. दोन्ही बाजूंना भात पिवळं झालं होतं. मला बरं वाटत होतं, हे मी मुद्दाम लिहिते. कारण त्यानंतर गाडीत मला बरं वाटलेलं नाही.

अंबाडीच्या अलीकडं एक उतार आहे. उताराच्या तळाशी रस्त्याचं काम चालू होतं आणि एक ट्रेलर आडवा होऊन उभा होता. सुनेनं लांबूनच ब्रेक दाबला असणार, कारण तिचा खांदा पुढं गेलेला मला दिसला. गाडी मात्र तशीच निघाली. उलट तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

"बाबा, लागत नाहीये!"

"दाब!"

"दाबलाय! पूर्ण दाबलाय!"

"दाब गो पोरी, दाब!"

ट्रेलरचं मागचं लोखंड माझ्यासमोर मोठं होत चाललं होतं. त्याच्यावर चिखल होता आणि चिखलात कोणीतरी बोटानं काहीतरी लिहिलं होतं. मला ते वाचता येत होतं, इतकं ते जवळ आलं. देवीचं नावसुद्धा तोंडात आलं नाही. सुनेनं गियर खाली ओढला, इंजिन केवढ्यानं ओरडलं, मग तिनं हाताचा ब्रेक खेचला आणि स्टिअरिंग डावीकडं फिरवलं. डावीकडं खडीचा ढीग होता. गाडी त्यात घुसली. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. नारळ कुठं गेला कळलं नाही.

मग खडी टपावरून घरंगळत राहिली. तेवढाच आवाज. सून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती. हात काढता येईनात. मी मागून तिचं एकेक बोट सोडवलं.

रस्त्याच्या कामावरच्या लोकांनी आम्हाला बाहेर काढलं, पाणी दिलं, गाडी खडीतून मागं ओढली. कोणाला काही झालं नव्हतं. गाडीचा पुढचा भाग फुटला होता, पण इंजिन चालू होत होतं. कोणीतरी जाऊन अंबाडीहून मिस्त्रीला घेऊन आलं. हिंदी बोलणारा, तोंडात मावा, सणाच्या दिवशी बोलावलं म्हणून वैतागलेला. त्यानं पुढचं चाक उतरवलं, आतल्या लोखंडी थाळीवरून बोट फिरवलं आणि बोट नाकाला लावलं.

"अरे, इसको तेल किसने पिलाया?"

म्हातारा दगडावर बसला होता. तो उठला. त्याचा चेहरा लाल झाला.

"तेल? ब्रेकला? कोण हाय तो? समोर आणा त्याला! सगळीकडं तेल द्या, ब्रेकला न्हाय! हात तोडीन एकेकाचे!"

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं होतं. लूमलाही ब्रेक असतो. धागा तुटला की तो लूमला जागच्या जागी थांबवतो. त्याच्यावर तेल पडलं तर लूम थांबत नाही, उभ्या धाग्यांचा सगळा ताणा तुटतो, कधी आडवा धागा नेणारा धोटा उडून माणसाला लागतो. कारखान्यात एकाचा डोळा असाच गेला. तेल देणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला म्हातारा पहिल्या दिवशी हेच दरडावून सांगायचा. ब्रेकला तेल चालत नाही हे मला माहीत नसेल, सुनेला नसेल. त्याला माहीत होतं. आमच्या सगळ्या घरात हे माहीत असलेला तो एकटा होता.

ट्रेलर दिसला तेव्हा वाटली नाही एवढी भीती मला त्या दगडापाशी वाटली.

"तुम्हीच दिलं," मी म्हणाले. "काल. पूजेच्या वेळेला."

"मी?"

"हां. तुम्ही."

"येडी हायस काय? मी ब्रेकला तेल देईन?"

"आई, नको ना," सून म्हणाली. मिस्त्री खाली मान घालून पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

मिस्त्रीनं थाळ्या पुसून घासल्या. पॅड तेल प्यायले होते, ते वाचवता येत नाहीत म्हणाला. त्याच्याकडं साधे होते ते टाकले आणि जुने एका पिशवीत घालून डिकीत ठेवले. वज्रेश्वरी राहिली. आम्ही परत फिरलो. आता सून पुढं एकटी, म्हातारा माझ्याबरोबर मागं. ती इतकी सावकाश चालवत होती की सायकलवाले पुढं जात होते.

थोडं अंतर गेल्यावर त्यानं विचारलं, "ब्रेकला तेल कोणी दिलं?"

"तुम्ही," मी म्हणाले.

तो खिडकीबाहेर बघत बसला. मग पुन्हा, "पण तेल दिलं कोणी?"

"तुम्ही."

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा सुनेनंच उत्तर दिलं. "मी दिलं, बाबा. चुकून."

म्हातारा एकदम सरळ बसला. "शिकलेली पोर ना गो तू? ब्रेकला तेल देतात काय?" आणि घर येईपर्यंत त्यानं तिला ब्रेक म्हणजे काय ते समजावलं. सगळं बरोबर सांगत होता. एक शब्द चुकला नाही. सून आरशातून बघून "हो बाबा, हो बाबा" करत होती आणि रडत होती.

घरी आल्यावर मी तिला मोरीजवळ गाठलं.

"तू खोटं का बोललीस?"

"किती घाबरले होते ते, दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं. आता न्हाय घाबरलेला तो. आता त्याच्या मते चूक तुझी. म्हंजे रविवारी तो परत डबी घेऊन बसणार आणि सोमवारी तू कशेळीला जाणार."

ती दयाळू आहे. दयाळू माणसं ब्रेक न लागणाऱ्या गाडीत बसतात.

सकाळी त्याचं डोकं ताजं असतं, हे मी हेरून ठेवलं होतं. चहा झाल्यावर मी डिकीतली पिशवी आणली आणि ते पॅड त्याच्यापुढं ठेवले. त्यानं एक उचलला. अंगठ्यानं चोळला. नाकाजवळ नेला.

"हे लूमचं तेल हाय," तो म्हणाला.

मी दुसरा पॅड पुढं सरकवला.

"गॅरेजवाल्याकडं हे नसतं." त्यानं पुन्हा वास घेतला. "हे आपल्या घरातलं हाय. डबीतलं."

डबीला घरात त्याच्याशिवाय कोणी हात लावत नाही. तोच लावू देत नाही. त्यानं पॅड खाली ठेवला आणि आपल्या बोटांकडं बघितलं. लूम थांबवून आत हात घालणारा माणूस मी ओळखत होते. धोटा डोक्याजवळून गेला तरी तो दचकायचा नाही. त्या सकाळी त्यानं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"पोर होती गाडीत?"

"होती. मी पण होते. तुम्ही पण होता."

त्यानं उठून डबी आणली आणि माझ्या हातात दिली.

डॉक्टरकडं नेलं. गोळ्या चालू आहेत. गाडी आता गॅरेजलाच जाते. फिल्टरसुद्धा तिथंच बदलतात. मला जे हवं होतं ते झालं. म्हातारा गाडीला हात लावत नाही. गल्लीतून जाताना मारक्या बैलाजवळून जावं तसा तिच्यापासून लांब, भिंतीला अंग घासत जातो. पण माझी भीती काही गेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. जन्मात कोणाला न विचारणारा माणूस आता मला सगळं विचारतो. कडी लावू का. नळ मी उघडला का. मी जेवलो का. मी उत्तर देते आणि मनात म्हणते, उद्या हा काय विचारेल.

सकाळी सून चावी घेऊन निघाली की तो ओट्यावर येऊन उभा राहतो.

"ब्रेक कोणी बघितला?"

"गॅरेजवाल्यानं."

"मी न्हाय ना बघितला?"

"न्हाय."

"मग जाऊ दे तिला," तो म्हणतो. मी फाटक उघडते.